कारण विचारू नकोस

नवापूर
१० जानेवारी २०२५

सलाम हेमांगी,

दोन वर्षं मागे लागली होतीस, म्हणून शेवटी तुझ्या 'लँटर्न-वार्ता' या मासिक पत्रकासाठी टिप पाठवते आहे. नवशिक्यालाही कळावी म्हणून अगदी पहिल्यापासून लिहिली आहे:

"लँटर्न हा सगळ्यांनी मिळून बनवलेला, फुकट मिळणारा सर्व्हर. आपलं अप्लिकेशन त्यात ठेवलं की ते कुणालाही फोनवर उघडता येतं. त्याचा सगळा कारभार एका मॅनेजर पानावरून चालतो. हे पान सहसा त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरून उघडतं. पण सेटिंगमधली एक ओळ बदलली तर ते बाहेरून, कुठूनही, आपल्या फोनवर उघडता येतं. मग सर्व्हर अडला तर केंद्रावर धावत जावं लागत नाही."

कोणती ओळ बदलायची ते सोबत जोडलं आहे. मागच्या रविवारी मी प्रार्थनेला गावी गेले होते. तिथे नर्सचा फोन, आमच्या सिकलसेल केंद्राचं पान उघडत नाही, आणि एका पोराला रक्त हवंय, दाते सापडत नाहीत. मी चर्चबाहेर चिंचेखाली उभी राहून फोनवरून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पाळक विचारतात, "हन्नाबाई, प्रार्थना संपली नाही का अजून?" म्हटलं, "माझी संपली, आता सर्व्हरसाठी करते आहे."

तुझ्या चुलतभावाला, भूपेशला, ही टिप आवर्जून दाखव. शहाद्याच्या लँटर्न मेळाव्यात चारचौघांत म्हणाला होता, "मॅडम, नवापूरला सर्व्हर चालवण्याइतकी लाइट असते का?" त्याला सांग, असते. शिवाय डोकंही असतं.

घरची बातमी: माझी भाची योगिता, तिचं बहुतेक ठरतंय. मुलगा व्याऱ्याकडचा, दानियल नाव, शाळेत शिकवतो. फेब्रुवारीत साखरपुडा करू म्हणतात. तू यायचंस.

हन्ना


लोणखेडा
११ जानेवारी

चेतनाताई,

तुम्हाला त्रास द्यायला नको होता, पण दुसरं विचारायला कुणी नाही.

लँटर्नच्या तुमच्या सुरक्षा गटाची आगाऊ सूचना मला परवा मिळाली. मॅनेजर पान बाहेरून उघडं असेल तर कुणीही पासवर्डशिवाय आत शिरू शकतो. दुरुस्ती तयार होते आहे, चार फेब्रुवारीला जगभर एकदम जाहीर होईल, तोवर मी मराठी भाषांतर तयार ठेवायचं आणि कुणालाही, घरच्यांनाही, एक शब्द सांगायचा नाही. तसं मी लिहून दिलं आहे. मोडणार नाही.

पण काल माझ्या मैत्रिणीची टिप आली. हन्ना गावित. आम्ही बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. नवापूरच्या एका सिकलसेल केंद्राचा सर्व्हर ती एकटी सांभाळते. तिची टिप काय, तर मॅनेजर पान बाहेरून उघडं कसं ठेवावं! तिचं ते आत्ता, या घडीला उघडं आहे.

त्या सर्व्हरवर काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, खूप. ज्यांना आजार आहे त्यांची नावं तिथे आहेत, आणि जे फक्त वाहक आहेत त्यांचीही. वाहकाला स्वतःला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून 'मुलगी वाहक आहे' एवढं एक वाक्य गावात फुटलं की पुढचं काही न विचारता सोयरीक मोडते. लोकांनी ती नावं हन्नाच्या भरवशावर दिली आहेत.

फक्त तिला एकटीला सांगू का? ती कुणाला बोलणार नाही.

हेमांगी पाटील


पुणे
१२ जानेवारी

हेमांगी,

नाही.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण उत्तर नाहीच. आगाऊ सूचनेच्या या यादीवर आम्ही चाळीसेक जण आहोत आणि प्रत्येकाची एक हन्ना आहे. माझा सख्खा भाऊ एका रुग्णालयाचा लँटर्न सर्व्हर बघतो. मी त्याला सांगितलेलं नाही. चाळीस जणांनी एकेका विश्वासू माणसाला सांगितलं, की आठवड्यात ते अविश्वासू माणसापर्यंत पोचतं, आणि तेव्हा कुणाच्याच हातात दुरुस्ती नसते.

'मॅनेजर पान बाहेरून बंद ठेवा' हा सल्ला जुनाच आहे, आपल्या माहितीपुस्तिकेतही आहे. तो तू सगळ्यांसाठी छापू शकतेस. 'आत्ताच का' ते लिहायचं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. ही फट वापरून कुणी खरोखर कुठे शिरल्याचं दिसलं, तर चार तारखेची वाट आम्ही बघणार नाही. त्याच दिवशी जाहीर करू. पण तसं अजून कुठेच दिसलेलं नाही.

चेतना


लोणखेडा
१४ जानेवारी

प्रिय हन्ना,

टिप मिळाली. चिंचेखालची प्रार्थना वाचून एकटीच हसले.

या अंकात मात्र ती घेता येत नाही. जागा कमी आहे. म्हसावदच्या पतसंस्थेने लँटर्न सुरू केल्याची बातमी आहे, बॅकअप घेऊन तो एकदा उघडूनही बघा अशी टिप आहे, मेळाव्याचा वृत्तांत आहे.

(वरचं वाचून बघितलं. जागेचं कारण खरं नाही. ते खोडायला हवं, पण त्या जागी लिहायला माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून तसंच ठेवते. तू ते धरू नकोस.)

अंकात पहिल्याच पानावर मी एक जुनी सूचना पुन्हा छापते आहे, की मॅनेजर पान बाहेरून बंद ठेवा, आणि तिथल्या अप्लिकेशनांच्या यादीवर अधूनमधून नजर टाका. तूही तुझं बंद कर ना. लगेच. सर्व्हर अडलाच तर केंद्रावर कुणाला तरी फोन करून चालू करून घेता येईल.

योगिताची बातमी वाचून फार बरं वाटलं. ती आमच्याकडे आली होती तेव्हा दोन वेण्या घालायची.

हेमांगी


नवापूर
१७ जानेवारी

हेमांगी,

अंक मिळाला. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात: 'मॅनेजर पान बाहेरून उघडं ठेवणं ही नवशिक्यांची चूक'. माझी टिप तुला दहा तारखेला मिळाली आणि पंधरा तारखेला ही चौकट. आपल्या लँटर्न गटात सगळ्यांना माहीत आहे की हन्ना फोनवरून सर्व्हर चालवते. मीच मेळाव्यात सांगितलं होतं. काल एकाने मेसेज केला, "मॅडम, वार्तामध्ये तुमचा फोटो तेवढा राहिला."

हे मी गिळलं असतं. पण काल तुझा भूपेश आमच्या केंद्राच्या सरांना भेटून गेला. बरोबर अंकाचं प्रिंट. म्हणाला, "बघा, आमच्या ताईनेच लिहिलंय. तुमच्याकडे हे पान उघडं आहे. सर्व्हर सांभाळायचं काम आमच्याकडे द्या, महिन्याला एवढे." सर माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार होते त्यांना?

मी तुला ओळखते, म्हणून सरळ विचारते. तुम्ही दोघांनी ठरवून केलंत का हे?

पान मी बंद करणार नाही. डोंगरातल्या उपकेंद्रात बसलेल्या नर्सला रक्तदाता हवा असतो तेव्हा मी इथे केंद्रावर असेनच असं नाही. तुझ्या लोणखेड्यात कॉलेज आहे, माणसं आहेत. इथे मी आहे, बस.

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत.

हन्ना


लोणखेडा
२० जानेवारी

प्रिय हन्ना,

काल मी तुझ्याकडे आले आणि एका वाक्यापलीकडे बोलले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी भूपेशचं. तो माझा चुलतभाऊ आहे, अंक त्याला इतरांसारखाच जातो. तुझं पान उघडं असल्याचं मी त्याला सांगितलं नाही. मेळाव्यात तूच सांगितलंस तेव्हा तो समोर बसला होता. पण चौकटीतलं 'नवशिक्यांची चूक' हे शब्द माझे आहेत. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, हेही खरं. वाटलं, कडक लिहिलं तर तू चिडून का होईना बंद करशील. तुझा अभिमान किती मोठा आहे ते मी विसरले, आणि तो भूपेशच्या उपयोगी पडेल हे मला सुचलंच नाही. दोन्ही चुका माझ्याच.

तुझं पत्र आल्यापासून मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. परवा सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय वं, बोली का नही ऱ्हायनी? कोनी मरनं का?"

म्हटलं, "आई, एका माणसाला सावध करायचंय. पण कशापासून, ते सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"मंग नको सांगू."

"पण न सांगता ती ऐकत नाही ना."

"कागदवर कोन आयकस? तिन्हा घर जाय. कारण सांगता नही येस ते ऱ्हाऊ दे, तोंड तं दखाड तिले."

म्हणून काल शहाद्याहून नंदुरबार, नंदुरबारहून नवापूर अशी बस बदलत आले. तू चर्चमधून यायची होतीस, मी केंद्राच्या पायरीवर बसले होते. तू कुलूप उघडलंस, चहा केलास, माझ्यासमोर ठेवलास आणि दाराकडे बघत बसलीस. मला वाटलं होतं समोर बसल्यावर काहीतरी सुचेल. उठताना मी जे बोलले तेवढंच माझ्याकडे होतं, आणि आजही तेवढंच आहे.

पान बंद कर. कारण विचारू नकोस.

तुला राग येणार. मलाही आला असता. जिला जन्मभर प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय, ती आज दुसऱ्याला कारण विचारू नको म्हणते. 'कारण आहे पण सांगत नाही' एवढं लिहिणं म्हणजेसुद्धा शब्द थोडा मोडणं आहे का, याचा मी बसमध्ये परतीच्या सगळ्या वाटेवर विचार केला. मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेमांगी


नवापूर
२२ जानेवारी, सकाळी

हेमांगी,

पान बंद केलं.

तुझं पत्र वाचून नाही. रविवारी तू गेल्यावर चहाचा कप धुताना मनात आलं, ही बाई एका वाक्यासाठी दोन बस बदलून आली आणि बिस्किटालाही हात न लावता गेली. भूपेशच्या धंद्यासाठी तू पायरीवर बसली नसतीस. तरी दोन दिवस हट्ट केलाच. आज बसले बंद करायला.

बंद करण्याआधी, तुझ्या त्या चौकटीत लिहिलं होतं म्हणून, अप्लिकेशनांची यादी वाचली. आमची दोनच आहेत, एक नोंदणीचं आणि एक रक्तदात्यांचं. यादीत तीन आहेत. तिसऱ्याचं नाव 'स्टेटस-टू'. मी बसवलेलं नाही, आणि इथे दुसरं कुणी बसवणारं नाही.

आपण घरी यावं, दाराला कुलूप तसंच असावं आणि आत परक्या माणसाची चप्पल दिसावी, तसं झालं.

पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मग हा आत आला कसा? मी ते काढून टाकते आहे आत्ताच. हे तुला माहीत होतं का?

हन्ना


लोणखेडा
२२ जानेवारी, साडेनऊ

हन्ना, काढू नकोस! कशालाही हात लावू नकोस.

सर्व्हरची नेटची केबल काढ. हो, केंद्राचं सगळं बंद पडेल. पडू दे. मशीन बंद करू नकोस, फक्त केबल. मग त्या तिसऱ्या अप्लिकेशनची प्रत पेन ड्राइव्हवर घे, आणि त्याने आल्यापासून काय काय उघडलं त्याची सर्व्हरने ठेवलेली नोंदही. नंतर हव्या त्या शिव्या दे.

ती प्रत मला पाठवशील का? मी ती पुढे काही माणसांना पाठवणार आहे. कोण ते आत्ता सांगता येत नाही, आज नाही. तू हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. पण हो म्हण.

फोन उचल. नाहीतर नको उचलूस. मी फोनवर बोलले तर सगळं सांगून टाकीन.

हेमांगी


नवापूर
२२ जानेवारी, दुपारी

केबल काढली. नर्सचे फोन सुरू झाले आहेत. दात्यांचे नंबर मी जुन्या फोनमधून शोधून देते आहे, मिळतील तसे.

नोंद बघितली. अप्लिकेशन सोमवारी बसलंय. म्हणजे तू रविवारी पायरीवर बसून सांगितलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हाच ऐकलं असतं तर! हे मी आता रोज म्हणणार आहे.

त्याने सगळं वाचलेलं नाही. सर्वात नव्या नोंदींपासून सुरुवात केली आणि थोडीच पानं उघडली. मग केबल निघाली. आमच्या अप्लिकेशनमध्ये पानाच्या पत्त्यातच माणसाचं नाव येतं, त्यामुळे कोणाचं पान उघडलं ते नावासकट दिसतं. ही माझीच रचना, मीच हौसेने केली होती, शोधायला सोपं म्हणून.

हेमांगी, त्यात योगिता आहे.

तुला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. डिसेंबरमध्ये सोयरीक आली तेव्हा मी तिची तपासणी करून घेतली. ती वाहक आहे. योगिता म्हणाली, "आत्या, दानियलला सांगू या." तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, हात जोडून म्हणाला, "लग्न होऊ दे, मग सांगू." आणि मी, जी गावोगाव फिरून लग्नाआधी तपासा म्हणते, ती गप्प बसले. योगितालाही गप्प बसवलं. वाटलं, नाव माझ्याच सर्व्हरवर आहे, माझ्याच कुलुपात. जाणार कुठे?

प्रत पाठवते आहे. सगळ्यांची नावं मी एकेक करून पुसली आहेत, पत्त्यांतूनसुद्धा. पाठव, ज्यांना पाठवायची त्यांना. कोण म्हणून विचारत नाही.

हन्ना


पुणे
२३ जानेवारी

हेमांगी,

तीच फट आहे. शंका नाही.

तुझ्या मैत्रिणीने केबल काढून जसं होतं तसं ठेवलं म्हणून आम्हाला एका दिवसात खात्री करता आली. सगळे जागेच आहेत. दुरुस्ती तशी तयार होती, तपासणी राहिली होती, ती आज उरकतो. उद्या दुपारी चारला जाहीर. मराठी भाषांतर तयार ठेव. त्यानंतर तू मोकळी आहेस, तिला सगळं सांग.

शिरणारा बहुधा माणूस नव्हता. एखादा प्रोग्राम, जो उघडी पानं हुंगत जगभर फिरतो. उघडलेली पानं त्याने कुठे नेली, कुणी वाचली का, हे आम्ही सांगू शकत नाही. तिला खोटा दिलासा देऊ नकोस.

कळवणाऱ्याचं नाव जाहीर करायची आपली पद्धत आहे. तिचं नाव घालायचं का, विचारून कळव.

चेतना


लोणखेडा
२४ जानेवारी, संध्याकाळी

प्रिय हन्ना,

आता सांगते.

मला नऊ तारखेपासून माहीत होतं. मॅनेजर पान बाहेरून उघडं असेल तर पासवर्ड लागत नाही, ही लँटर्नमधलीच चूक होती, तुझी नाही. दुरुस्ती हातात येईपर्यंत गप्प राहायचं, असा शब्द दिला होता. तुझी टिप दुसऱ्या दिवशी आली. मी परवानगी मागितली, मिळाली नाही. का मिळाली नाही तेही मला पटलं. पटलं, आणि तरी रोज तुझं उघडं पान डोळ्यांसमोर यायचं.

नवी आवृत्ती आज चारला आली. सोबत जोडली आहे. आधी ती बसव, मॅनेजर पान बंदच ठेव, पासवर्ड बदल, आणि मगच केबल लाव. ते तिसरं अप्लिकेशन आता काढून टाक.

नावं कुठे गेली का? माहीत नाही. शोधणाऱ्यांनाही माहीत नाही. शिरणारा बहुतेक माणूस नव्हता, म्हणजे त्याला योगिता कोण हे कळण्याचं कारण नाही. पण 'बहुतेक' हा शब्द मी तुला औषध म्हणून देणार नाही.

तू विचारण्याआधी मीच विचारते. तू पान बंद केलंच नसतंस, तर मी शब्द मोडला असता का? 'हो, मोडला असता' असं इथे लिहिलं, आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मला माहीत नाही, हन्ना. मी रोज माझ्या वहीत दिवसाचा हिशेब लिहिते, तिथेही हे उत्तर सापडलं नाही. रविवारी तू तोंड उघडून एकदा जरी "का?" विचारलं असतंस तर बहुधा सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. त्या दिवशी मी त्याला तुझा राग समजले होते.

तुझ्यामुळे अकरा दिवस आधी सगळ्यांना कळलं. तुझं नाव जाहीर करायचं का, ते विचारताहेत.

हेमांगी


नवापूर
३ फेब्रुवारी

हेमांगी,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी सोबतची नवी आवृत्ती बसवायला घेतली. बसवून झाल्यावर वाचलं. मग दोन दिवस तुझ्यावर चिडले. मग वाटलं, मी तरी काय वेगळं केलं? तूही सांगितलं नाहीस, मीही नाही. फरक एवढाच, तुझ्या गप्प बसण्याला शेवटची तारीख होती.

माझं नाव नको. केंद्राचंही नको. 'नवापूर' छापलं तरी इकडे लोक ओळखतील.

पण ज्यांची पानं उघडली गेली त्यांना मी सांगायचं ठरवलं. सर म्हणाले, "कशाला उगाच घाबरवायचं? वाचणारा माणूसही नव्हता म्हणतात." मी म्हटलं, "सर, त्यांनी नावं माणसाला दिली होती. त्या माणसानेच जाऊन सांगायला हवं." मग त्यांनी गाडी दिली. एकेका घरी गेले. एका बाईने ओट्यावरूनच हाकललं. "तुमच्या मशीनवर परत बोट ठेवणार नाही," म्हणाली. बरोबर होतं तिचं. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता अमेरिकेत आमचं नाव गेलं का?" म्हटलं, "बाबा, गेलं असेल." तो खूश झाला. म्हणाला, "चला, आमच्यातलं पयलंच."

योगिताचं घर शेवटी ठेवलं होतं. भित्री मी. गेले तर भाऊ दारात, चेहरा पडलेला. म्हणाला, "आता काय सांगायला आलीस? तिने सांगून टाकलं."

झालं असं, की कुणाकुणाची पानं उघडली गेली ते मी घरून सरांशी फोनवर बोलत होते, तेव्हा योगिता माझ्याकडे आली होती आणि तिने ते ऐकलं होतं. ती थेट व्याऱ्याला गेली, एकटी, शाळा सुटायच्या वेळी. दानियल मुलांच्या घोळक्यातून बाहेर येत होता. तिने फाटकाशीच सांगितलं, "मी वाहक आहे. डिसेंबरपासून माहीत आहे. आमच्या घरच्यांनी लपवलं, मीही लपवलं."

मी योगिताला विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, बस कितीची आहे तुझी?"

"बस?"

"हो आत्या, मलाही असंच झालं! मी म्हटलं, झालं, घालवतोय मला. तर म्हणाला, थांब, शाळेच्या रजिस्टरवर सही करून येतो, मीपण येतो नवापूरला. आधी माझं रक्त तपासा."

भाऊ आतून ओरडला, "अन् त्याचंही तसंच निघालं तर?"

योगिता म्हणाली, "तर दोघं मिळून ठरवू. तुम्ही नाही."

दानियल केंद्रावर आला तेव्हा मी नेहमीसारखी विचारायची ती सगळी माहिती विचारली. पूर्ण नाव, गाव, वय. त्याने बाही वर केली आणि म्हणाला, "आत्या, आता बंद आहे ना ते?" मी म्हटलं, "बंद आहे." पानाच्या पत्त्यात आता नाव येत नाही, नुसता आकडा येतो. तेही बदललंय. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील.

हन्ना


लोणखेडा
६ फेब्रुवारी

प्रिय हन्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा सासूबाईंना ऐकवायला. तेवढंच वाचून दाखवलं, जेवढं त्यांना ऐकवता येत होतं. योगिताचा भाग वगळला. तरी त्या म्हणाल्या, "काही ते गाळी ऱ्हायनी तू." मी हो म्हटलं. पुढे त्यांनी विचारलं नाही.

या महिन्याच्या अंकात पहिल्या पानावर असं छापते आहे: "ही फट वापरली जात असल्याचं आपल्याच जिल्ह्यातल्या एका सर्व्हर-प्रशासकाच्या लक्षात आलं, म्हणून जगभर दुरुस्ती लवकर पोचली. नाव त्यांच्या इच्छेने देत नाही." आणि खाली मागच्या चौकटीबद्दल माफी, 'नवशिक्यांची चूक' हे शब्द मागे घेऊन. चूक ज्यांच्या हातून झाली ते लँटर्नचा प्रोग्राम लिहिणारे होते. भूपेशला मी स्वतः जाऊन सांगितलं की यापुढे माझं नाव दाखवून काम मागायचं नाही. म्हणाला, "ताई, धंदा आहे." मी म्हटलं, "माझं नाव तुझा धंदा नाही." रागावलाय. राहू दे.

रिपोर्ट आला का?

हेमांगी


नवापूर
१४ फेब्रुवारी

सलाम हेमांगी,

माफी वाचली. ठळक अक्षरात आहे, मागच्यासारखीच. बरं केलंस.

एक टिप पाठवते आहे, या वेळी जागा काढ. "मॅनेजर पान बंद केल्यावर सर्व्हर अडला तर काय करावं? आमच्या केंद्रात आता नर्सना सर्व्हर पुन्हा चालू कसा करायचा ते शिकवलं आहे. फक्त तेवढंच एक बटण त्यांच्या हातात. दोघींना जमलं, एकीला अजून भीती वाटते, पण ती शिकेल." ज्या बाईने मला ओट्यावरून हाकललं होतं, तिची मुलगीच त्या दोघींपैकी एक आहे. आईनेच तिला हे शिकायला पाठवलं. का, ते मी विचारलं नाही.

दानियलचा रिपोर्ट आला. मी त्याच्या हातात दिला. त्याने योगितासमोर उघडला, दोघं केंद्राच्या पायरीवर बराच वेळ बोलत बसले, मग आत येऊन म्हणाले, "आत्या, आमचं ठरलं."

रिपोर्टमध्ये काय आलं ते तुला लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

साखरपुडा बावीस तारखेला, शनिवारी. सासूबाईंना घेऊन ये. आणि या वेळी बिस्किटं खाऊन जायचं.

हन्ना